बाप्तिस्मा : दोघांचें वचन

धाराशिव जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांत, उपासनेस नेमानें येऊनहि बाप्तिस्म्यावांचून राहिलेलीं कुटुंबें आहेत. ‘अंतःकरणांत विश्वास असला म्हणजे पुरे, पाण्याची काय गरज?’ असें तीं विचारतात. हा प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं.

पाण्यांत स्वतःचें असें तारण्याचें सामर्थ्य नाहीं, हें आम्ही प्रथमच कबूल करितों. प्रभूबरोबर वधस्तंभीं खिळलेला पश्चात्तापी चोर बाप्तिस्म्यावांचून सुखलोकांत गेला. पाणी किती, हाहि मुख्य प्रश्न नव्हे. ‘दिदाखे’ या आद्य मंडळीच्या ग्रंथांत वाहतें पाणी उत्तम मानिलें आहे. तें नसल्यास दुसरें चालेल, आणि पुरेसें नसल्यास मस्तकावर तीनदां ओतावें, अशी मोकळीक दिली आहे. टंचाईच्या आमच्या मुलुखाला हें सहज पटेल.

मग बाप्तिस्मा कशासाठीं? वधूवरांचीं मनें जुळलीं तरी चारचौघांदेखत वचन दिल्यावांचून लग्न होत नाहीं. त्याचप्रमाणें विश्वास हृदयांत जन्मतो, पण बाप्तिस्म्यानें तो लोकांपुढें उभा राहतो. पौल रोमकरांस लिहितांना त्यास ख्रिस्ताबरोबर पुरलें जाणें व नव्या जीवनांत चालणें असें म्हणतो. पुरलेला मनुष्य जुन्या घरीं परत जात नाहीं.

ही साक्ष फुकट मिळत नाहीं. नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हां पत्नी लक्ष्मीबाई यांची कित्येक वर्षांची ताटातूट त्यांस सोसावी लागली. पुढें लक्ष्मीबाईंनींहि स्वतःच्या निश्चयानें बाप्तिस्मा घेतला. परंतु ज्यांनीं ही किंमत भरली, त्याच टिळकांनीं १९१७ सालीं ‘देवाचा दरबार’ उघडून त्यांत बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोघांनाहि जागा दिली. स्वतःपुरती कसोटी कडक, दुसऱ्यासाठीं धीर मोठा, हें त्यांजपासून शिकावें.

आज किंमत निराळ्या रूपानें मागितली जाते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें ठरलेला अनुसूचित जातींचा दर्जा १९५६ सालीं शिखांस व १९९० सालीं बौद्धांस लाभला. ख्रिस्ती होणारास तो राहत नाहीं. मुलाची शिष्यवृत्ति डोळ्यांपुढें असलेला बाप म्हणून कचरतो. बाप्तिस्मा घेऊन तो कागदोपत्रीं लपविणें हा मार्ग नव्हे. लपवावी लागते ती साक्ष कसली?

पण त्या बापास भित्रा म्हणण्यापूर्वीं मंडळीनें आपल्या मनास विचारावें : त्यानें हें सोसलें, तर त्याच्या मुलाच्या शिक्षणास हातभार कोण लावील? त्याच्या मुलीची सोयरीक जुळवितांना आम्ही पुन्हां जुनी जात तर विचारणार नाहीं ना? बाप्तिस्मा आणि सर्वांचें ख्रिस्तांत एक होणें, हीं गलतीकरांच्या पत्रांत लागोपाठ सांगितलीं आहेत. एक घेऊन दुसरें टाकतां येत नाहीं.

म्हणून, बाप्तिस्म्याच्या उमेदवारा, बुरूज बांधणाऱ्याप्रमाणें खर्चाचा हिशेब अवश्य कर. पण हिशेबांतच आयुष्य घालवूं नको. आणि मंडळीहो, पाळक पाण्यांत हात घालतो, तेव्हां उमेदवार एकटाच वचन देत नसतो; तुम्हीहि देत असतां. त्यानें आपलें वचन पाळावें अशी अपेक्षा असेल, तर तुमचें तुम्ही आधीं पाळा.