वळीव, शिंजीर आणि मधाचा थेंब

सोलापुरात वैशाखात पारा चाळिशीच्या वर असतो, तरी परसातल्या जास्वंदीवर जांभळा शिंजीर भर दुपारीही येतो. चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम १० सेंटिमीटर, वजन १० ग्रॅमच्या आत. अमेरिकेतल्या हमिंगबर्डशी त्याचे जवळचे नाते नाही. फुलातल्या मधावर जगायचे म्हणून दोघांच्या चोची लांब आणि बारीक झाल्या, एवढेच. हमिंगबर्ड हवेत एका जागी थरथरत मध पितो, शिंजीर शक्यतो फांदीला धरून. मादी कोळ्याच्या जाळ्याचे धागे, गवत आणि सालीचे कपटे जुळवून फांदीच्या टोकाला लोंबती पिशवी विणते आणि तिच्या दारावर छोटी पडवीही काढते.

अशाच एखाद्या दुपारी चारच्या सुमारास आभाळ काळवंडते. वारा एकदम पडतो, पान हलत नाही, मग धुळीचा लोट उठतो. गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया आणि पापड उचलायला घरातले सगळे धावतात. धावता धावता कुणाची तरी नजर झुलणाऱ्या पिशवीवर जाते: मादी अंड्यांवर बसलेली, चोच तेवढी दाराबाहेर. क्षणभर पाऊल थांबते. संकट समोर दिसत असताना असे थांबणे, त्यात सुख वाटणे, ही मनाची स्थिरता म्हणायची की बेपर्वाई?

वादळ पाहण्याचे सुख आणि पक्षी पाहण्याचे सुख आधी वेगळे केले पाहिजे. इमॅन्युएल कांटने १७९० च्या आपल्या ग्रंथात लिहिले की गडगडणारे ढग आणि चक्रीवादळे भव्य वाटतात, पण पाहणारा सुरक्षित जागी असला तरच. सोलापूर जिल्ह्यात ही अट फार बोचते. उकाड्याने त्रासलेल्या शहराला जो वळीव हवासा वाटतो, तोच बेदाण्याच्या शेडवर आणि डाळिंबाच्या बागेवर कोसळतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीने हे दाखवले. बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे क्षेत्र १३ ऑक्टोबर २०२० रोजी काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर चढले आणि दुसऱ्या दिवशी सोलापूर-पंढरपुरात अतिवृष्टी झाली. पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जण दगावले. त्या ढगांचे देखणेपण खरे असले, तरी ते पाहण्यासाठी लागणारी सुरक्षितता सगळ्यांच्या वाट्याला आलेली नव्हती. शिंजिराच्या बाबतीत पाहणारा आणि पक्षी एकाच आभाळाखाली असतात, आणि अधिक धोका पक्ष्याला असतो.

या प्रश्नावर भारतीय परंपरेतला सर्वांत कठोर दृष्टांत महाभारताच्या स्त्रीपर्वात आहे. युद्ध संपल्यावर विदुर धृतराष्ट्राला सांगतो: रानात वाट चुकलेला एक माणूस विहिरीत पडून वेलींना उलटा लोंबकळतो. खाली सर्प, काठावर सहा तोंडांचा हत्ती, आणि ज्या झाडाच्या आधाराने तो टिकला आहे ते काळे-पांढरे उंदीर कुरतडत आहेत. वरच्या पोळ्यातून मधाचे थेंब गळतात आणि तो ते चाटत राहतो. उंदीर म्हणजे रात्र आणि दिवस, हत्ती म्हणजे वर्ष, सर्प म्हणजे काळ. हीच कथा जैन परंपरेत मधुबिंदू म्हणून प्रसिद्ध आहे, आणि सोलापूरच्या जैन घरांना ती नवी नाही. जैन कथेत पुष्कळदा एक विद्याधर विमानातून येऊन हात पुढे करतो आणि माणूस म्हणतो, आणखी एक थेंब.

दोष कुठे आहे, ते या वाक्यातच कळते. मध गोड लागला हा अपराध नव्हे. मदतीचा हात दिसूनही तो नाकारला, हा आहे. शिंजीरही मधच पितो, पण त्याच उडण्यात तो पिलांसाठी किडेही टिपतो. विहिरीतल्या माणसाच्या थेंबाने मात्र बाकी सारे झाकून टाकले.

सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांच्या चरित्रात हा वाद दुसऱ्या अंगाने येतो. बाराव्या शतकात त्यांनी लोकांच्या हातांनी तलाव खोदवला. त्याच पाण्यात आज त्यांचे मंदिर आहे. ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथानुसार शरण संत अल्लमप्रभू तिथे आले आणि त्यांनी विचारले की बाहेरची माती उपसण्यात अंतरीचे ज्ञान राहून जात नाही काय. ग्रंथ अल्लमांची बाजू वरचढ ठरवतो, आणि अध्यात्माच्या दृष्टीने ते समजण्यासारखे आहे. तरी कोरड्या मुलखात येणाऱ्या पावसासाठी आधी बांध घालून ठेवणारा माणूस बेसावध म्हणता येत नाही. मधुबिंदूतल्या माणसाकडे नेमकी हीच सावधता नव्हती. त्यामुळे दोन्ही कथा शेजारी ठेवल्या की थांबून पाहण्याला जागा उरते, पण ती हातातले काम केल्यानंतरची.

परसात ते काम थोडेच असते. कुरडया आत गेल्या, सैल पत्र्यावर दगड ठेवला. घरटे हलवता येत नाही. जागा बदलली की पक्षी ते बहुधा सोडून देतात. जास्वंदीची हेलकावणारी फांदी सुतळीने कुंपणाला सैलसर बांधता येते, तीही मादी उडून जाणार नाही इतक्या दुरून आणि अलगद. त्यानंतर पहिले टपोरे थेंब पत्र्यावर वाजू लागेपर्यंत दारात उभे राहून तिच्याकडे पाहता येते.