वाटणं आणि असणं

मराठीत मनाचं दुखणं बहुतेक वेळा ‘मला’नं सुरू होतं. मला वाईट वाटतं, मला करमत नाही, मला सगळं नको झालंय. इंग्रजीत माणूस स्वतःच उदास असतो. मराठीत उदासी येऊन त्याला गाठते. भाषांतराच्या कामात हा फरक रोज हाताखालून जातो, त्यामुळे त्याचं अप्रूप उरत नाही. पण या वाक्यांतलं ‘वाटतं’ दिसतं तितकं साधं नाही. त्याच्या पोटात एक नैतिक प्रश्न आहे.

‘मला भीती वाटते’ हा अनुभव. ‘मला वाटतं, तो आज येणार नाही’ हा अंदाज. आपण दोन्ही एकाच क्रियापदावर सोपवले आहेत. म्हणून कुणी ‘जगण्यात काही अर्थ वाटत नाही’ म्हणालं, की समोरच्याला तयार उत्तर सापडतं: ‘तुला उगाच तसं वाटतंय.’ म्हणणारा दुष्ट नसतो. तो अनुभव ऐकतो आणि अंदाज समजून खोडून टाकतो. हात मोडलेल्याला असं कुणी म्हणत नाही, कारण तिथं एक्स-रे असतो. नैराश्याचा एक्स-रे नाही. डॉक्टर थायरॉइड तपासायला सांगतात, ते दुसरं काही कारण नाही ना हे बघण्यासाठी. निदान ठरतं ते रुग्ण काय सांगतो, कसा दिसतो-वागतो आणि हे किती दिवस चाललंय यावरून. किमान २ आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ मन खिन्न किंवा कशातच रस नाही. सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडलेली, थकवा, अपराधीपण, मरणाचे विचार. जगभर वापरली जाणारी ‘पीएचक्यू-९’ ही प्रश्नावली ९ प्रश्नांना ० ते ३ असे गुण देते, एकूण २७. ती केवळ चाळणी आहे, निदान नव्हे. आणि तिच्यातले आकडेही शेवटी रुग्णाच्या ‘वाटतं’चेच. या आजारात साक्ष हाच मोठा पुरावा. मग दुसऱ्याच्या ‘वाटतं’वर विश्वास ठेवण्याचं आपल्यावर किती बंधन आहे?

आपल्याकडे याचं उत्तर गीतेत शोधायची रीत आहे. पहिल्या अध्यायाचं नावच विषादयोग. अर्जुनाचे अवयव गळतात, तोंडाला कोरड पडते, हातातून धनुष्य निसटतं. इथून प्रवचनं सहसा थेट ‘दुर्बलता टाक, उठ’ या उपदेशाकडे वळतात. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी कृष्ण तसं म्हणतो खरा. पण अर्जुन उठत नाही. लढणार नाही असं सांगून गप्प बसतो. साक्षात कृष्णाचं ‘उठ’ पहिल्या फटक्यात लागू पडलं नाही. पुढं अठराव्या अध्यायापर्यंत बोलावं लागलं. अर्जुनाला आजार होता असं मला म्हणायचं नाही. गळून गेलेला माणूस दटावण्यानं उभा राहत नाही, एवढं त्या ग्रंथालाही ठाऊक होतं.

‘निम्हान्स’नं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात २० प्रौढांपैकी साधारण एकाला आयुष्यात कधीतरी नैराश्य येतं असं दिसलं, आणि नैराश्य असलेल्या १०० जणांतले सुमारे ८५ उपचारांपर्यंत पोचलेले नव्हते. डॉक्टर कमी, पैसा कमी, लाज जास्त, ही कारणं खरीच. त्यांत मी भाषेची भर घालेन. झिम्बाब्वेतल्या शोना भाषेत ‘कुफुंगिसिसा’ असा शब्द आहे: फार विचार करत राहणं. तिथल्या ‘फ्रेंडशिप बेंच’ उपक्रमात प्रशिक्षण घेतलेल्या आज्या दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर बसून लोकांशी या शब्दातून बोलतात. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेनं स्थानिक, डॉक्टर नसलेल्या माणसांना समुपदेशक म्हणून तयार केलं. प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या त्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘लॅन्सेट’नं छापले. आरोग्य केंद्रात येणारा माणूस नैराश्य हा शब्द घेऊन येत नाही. झोप नाही, अंग दुखतं, टेन्शन आहे, असं म्हणतो. दोन्हीकडे आधी त्या माणसाचा शब्द धरला गेला, वैद्यकाचा नंतर आला.

माझं आजारपण कोलकात्यातलं. बंगाली मला बाजारहाटापुरती बोलता येते, म्हणून पहिल्या डॉक्टरांशी बोलले ते इंग्रजीतून. ते चांगले होते. पण इंग्रजीत माझी वाक्यं फार नीट येतात. प्रत्येक उत्तर संपादित होऊन बाहेर पडत होतं, आणि एवढं नेटकं बोलणारी बाई आतून ढासळली आहे हे कुणालाही कळणं अवघड होतं. पुढं ऑनलाइन उपचारांत भाषा निवडायची सोय दिसली आणि पुण्यात बसलेल्या एक मराठी मनोविकारतज्ज्ञ मिळाल्या. ‘काय होतंय?’ त्यांनी विचारलं. मी म्हणाले, ‘मॅडम, नकोसं झालंय.’ ‘काय नकोसं?’ ‘पहाट.’ यापुढं मला वाक्य सुचेना, आणि त्या न सुचण्यातूनही त्यांना काही कळलं. घरचे प्रेमानं विचारत आले होते, ‘का गं?’ त्यांनी विचारलं, ‘कधीपासून?’ औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात, ते आपल्या मनानं बंद करायचं नाही, हेही मी मराठीतच ऐकलं.

पडद्याला मर्यादा आहेत. त्यावर चेहरा दिसतो, टेबलाखाली हलणारा पाय दिसत नाही. घरात दार लावून बोलायला खोली नसेल तर ही सोय असून नसल्यासारखी. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार घट्ट होत असेल, खाणंपिणं सुटलं असेल, तर प्रत्यक्ष डॉक्टर किंवा रुग्णालयच हवं. पण अंतर कापण्याच्या सोयीहून मोठं काही मला या उपचारांत मिळालं: परमुलखात राहून आपल्या भाषेत आजारी पडता आलं. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती मिळण्याचा हक्क मान्य करतो. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली सरकारची मोफत ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीसह अनेक भाषांत बोलते. मात्र समजण्याचा हक्क कायदा देऊ शकतो. समजून घेतलं जाणं ऐकणाऱ्याच्या हातात असतं.

निदानानं माणसाच्या दुःखाची चिठ्ठी होते, त्याची गोष्ट हरवते, असा आक्षेप साहित्यिक मित्रांकडून नेहमी येतो. हरवतं, हे खरं. प्रत्येक भाषांतरात हरवतं. पण भाषांतर झालं म्हणून मूळ संहिता कुणी जाळत नाही. जो काही करू शकतो त्याच्यापर्यंत पोचावं, म्हणून ते करायचं. माझं एकटेपण, माझे राग, माझी गेलेली माणसं प्रिस्क्रिप्शनवर नव्हती. ती माझ्याकडेच राहिली, आणि औषधानंतर त्यांच्याकडे बघण्याइतकं बळ आलं.

निदानानंतर मी जे वाक्य बोलू लागले ते असं: मला नैराश्य आहे. मला ताप आहे, तसं. ‘मला’ जागच्या जागी राहिलं, म्हणजे आजार मला झालाय, मी आजार नाही. बदललं ते क्रियापद. ‘वाटतं’च्या जागी ‘आहे’ आलं, आणि त्याबरोबर वाद घालण्याची जागा संपली.

हे ‘आहे’ म्हणण्याचा अधिकार घरच्यांना किंवा मित्रांना नाही, तो डॉक्टरांचा. पण तिथपर्यंत पोचेतो माणूस आपल्याच शेजारी बसलेला असतो. ‘का?’ विचारलं की त्याला कारण द्यावं लागतं, आणि पटेल असं कारण नसलं की त्याचं दुःखच खोटं ठरतं. ‘कधीपासून?’ या प्रश्नात ते आहे हे आधीच मान्य केलेलं असतं. दुसऱ्याच्या ‘वाटतं’चं आपण निदान एवढं तरी देणं लागतो.