बँड ऐकताना

लग्नतिथीच्या संध्याकाळी सावद्यातल्या एखाद्या गच्चीवर बसा. चटई पुरे. मोबाइल बाजूला ठेवा, पण बंद करू नका. तो पुढे लागणार आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, मध्ये काळ्या मातीतले केळीचे बाग. वारा सुटला की केळीची फाटकी पानं एकमेकांवर घासतात. आधी तेवढंच ऐका. या आवाजाला चाल नाही, ठेका नाही. कान रिकामे करायला तो बरा.

मग कुठून तरी वरात निघेल. वैशाखात ती निघतेच. कोणाकडचं लग्न, हा प्रश्न तोंडाशी येईल. आजच्यापुरता गिळून टाका.

लांबच्या बँडमधला ढोल सगळ्यांत आधी पोहोचतो. खालच्या पट्टीचा आवाज भिंतींना वळसा घालून येतो, वरच्या पट्टीच्या आवाजाला ते तितकंसं जमत नाही. म्हणून बँड गल्लीआड असेपर्यंत ठोका कळतो, गाणं कळत नाही. या अर्धवट ऐकण्यात थांबा. गाणं ओळखायची घाई नको. एकदा ओळखलं की आपण ऐकणं सोडतो आणि आठवायला लागतो: कोणता सिनेमा, कोण हिरो, आपल्या लग्नात वाजलं होतं का. ठोक्याच्या आत किती वाद्यं आहेत ते बघा. मोठ्या ढोलाचा दणका, साइड ड्रमची तडतड, आणि दोघांच्या फटीतून झांज.

आता बँड कोपऱ्यावरून वळला. ट्रम्पेट उघडा पडला.

दोन्ही ओठ मिटा आणि त्यांतून जोरात हवा सोडा. फुर्र असा आवाज येईल. घरचे हसले तर हसू द्या. ट्रम्पेटचा सूर जन्मतो तो इथेच, ओठांत. पितळी नळी त्याला आकार देते आणि दूर फेकते. वर तीन बटणं. मधलं दाबलं की सूर अर्ध्या स्वराने उतरतो, पहिलं दाबलं की एका स्वराने, तिसरं दाबलं की दीड स्वराने. तीन बटणांत सगळं गाणं मावत नाही. उरलेलं काम ओठांच्या ताणाचं आणि दमाचं.

तर एक लांब श्वास घ्या आणि हळूहळू सोडा. पुन्हा एकदा. शिबिरांत हे शिकवायला फी घेतात. ट्रम्पेटवाला हेच काम मे महिन्यात, जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांकडे सरकलेला असताना, गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या कोटात, चालत चालत करतो. नळीतली हवा तापली की सूर वर सरकतो. दुपारच्या वरातीत बँड जरा बेसूर वाटला तर दोष वाजवणाऱ्याचाच असेल असं नाही, थोडा सूर्याचाही धरावा.

ट्रम्पेटच्या मागे क्लॅरिनेट शोधा. तो सापडायला वेळ लागतो. आवाज लाकडी, किंचित नाकातला, सनईच्या घराण्यातला वाटावा असा. मास्तर मुरलेला असेल तर दोन स्वरांमधली जागा तो घसरत पार करतो, गाणाऱ्याच्या गळ्यासारखी. तिथे कान टेकवा, आणि बाकीचं सगळं भोवतालून जाऊ द्या.

खानदेशात आता गाडीवरचे बँडही आहेत. स्पीकरांची भिंत, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, माइकवर अहिराणी गाणारा पोरगा. नाचायला त्यांच्यासारखं काही नाही, नावं ठेवणाऱ्यांत मी नाही. पण आज आपण श्वास शोधतो आहोत, आणि त्या भिंतीआड तो ऐकू येत नाही. गाडी पुढे जाऊ द्या.

हे पितळ आलं कुठून, याचाही जरा विचार करा. इंग्रजी पलटणींबरोबर बँड आले, संस्थानिकांनी ते दरबारात ठेवले, आणि तिथून ते लग्नात उतरले. मेरठच्या जली कोठी भागात आजही बँडची वाद्यं घडतात. तिथली नादिर अली कंपनी १८८५ची, लष्करी बँडशी संबंध असलेल्या माणसाने सुरू केलेली. गोव्यात चर्चच्या शाळांनी पोरांना नोटेशन वाचायला शिकवलं. ती पोरं मोठी होऊन मुंबईच्या स्टुडिओंत बसली. हळदोण्याचा चिक चॉकलेट तिथे ट्रम्पेट वाजवत होता, सॅबेस्टियन डिसोझा शंकर-जयकिशनच्या गाण्यांची वाद्यरचना करत होते. गोव्याच्या हाताने कागदावर लिहिलेली सुरावट सिनेमातून खानदेशात पोहोचली, आणि इथल्या मास्तराने ती कागदाशिवाय, नुसत्या कानाने उचलली. मला या दुसऱ्या कामाचं अप्रूप जास्त वाटतं.

पुण्यात बंडोपंत सोलापूरकरांच्या प्रभात बँडला नाव मिळालं. विसर्जन मिरवणुकीत लोक थांबून त्याला ऐकतात. बाकी ठिकाणी बँडला नाव असतं, वाजवणाऱ्याला नसतं. नाव गाडीवर रंगवलेलं, मोबाइल नंबरासकट. वाजवण्याचं काम पिढ्यान् पिढ्या ज्या जातींच्या वाट्याला आलं, त्यांना ऐकायचं पण बघायचं नाही ही आपली जुनी सवय. वरातीत आपण त्यांच्याकडे पाठ करून नाचतो.

आता मोबाइल घ्या. देशातला मंचावरचा चांगला बँड शोधायचा म्हणून पोरं याद्या चाळतात. तुम्ही एकच गाणं लावा: दिल्लीच्या इंडियन ओशनचं ‘मा रेवा’, २००० सालच्या ‘कंदिसा’ या अल्बममधलं. रेवा म्हणजे नर्मदा, समोरच्या सातपुड्यापलीकडची. बँडमधला बेस गिटारवाला राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात होता, आणि गाणं खोऱ्यातल्या लोकगीतावरून आलेलं आहे. नर्मदेवरच्या धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांत अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतलीही गावं होती. १९९८पर्यंत ते तालुके धुळे जिल्ह्यातच होते. म्हणजे दिल्लीच्या बँडमध्ये आपण जे शोधतो ते आपल्याच शेजारून गेलेलं. असीम चक्रवर्तीचा तबला आणि आवाज ऐका. हा माणूस २००९ साली गेला. अल्बमच्या नावाचं गाणं तर केरळच्या सीरियन ख्रिस्ती प्रार्थनेवर, अरामी भाषेत आहे. एक अक्षर कळणार नाही. चालेल.

मग चेन्नईचा द कास्टलेस कलेक्टिव्ह लावा. सिनेमा दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने तो उभा राहिला, २०१८च्या जानेवारीत पहिल्यांदा लोकांसमोर आला. त्यात पराई आहे, डफासारखी, अंत्ययात्रेत वाजते म्हणून विटाळाची ठरवलेली. गिटार आणि ड्रमच्या बरोबरीने ती मंचाच्या मध्यावर वाजते. आपल्याकडचं डफडं आठवा. ते तुम्ही शेवटचं कुठे ऐकलंत, आणि वाजवणारा कुठे उभा होता?

याला उत्तर लगेच आलं नाही तर येऊ द्या सावकाश.

वरात निघण्याआधी बँडवाले रस्त्याच्या कडेला उभे राहून वाद्यं गरम करतात. फर्माइश सुरू व्हायची असते. एखादा क्लॅरिनेटवाला तेव्हा आपल्यापुरतं काहीतरी वाजवतो, दोन-चार ओळी, बहुतेकदा सिनेमातलं नसतं. पुढच्या लग्नाला अर्धा तास आधी जा. त्यांना नाव विचारा, गाव विचारा, आणि सांगा, दादा, तुम्हाला हवं ते वाजवा. ते तरीही नागीणच वाजवतील, अशी शक्यता आहे. त्यांना वाटेल, तुम्हाला तेच हवंय.