शून्य आणि नाही

कसब्यात कर्णेश्वराच्या देवळाजवळ आमचं घर. दोन वर्षांपूर्वी वाडीतल्या आंबा बागायतदारांसाठी मी पेट्यांच्या हिशेबाची वेबसाइट केली. एका आजींच्या सगळ्या पेट्या विकल्या गेल्या आणि पडद्यावर आलं, ‘नोंद नाही’. ज्या प्रोग्रामिंग भाषेत ती लिहिली होती, तिच्यात शून्य म्हणजे खोटं, आणि मीही तसंच तपासलं होतं. आजी म्हणाल्या, “आंबे संपले म्हणून मी पण संपले काय रे?”

तो प्रश्न मला सोडेना. यंदा सगळं लुआत लिहिलं. लुआ म्हणजे पोर्तुगीजमध्ये चंद्र. १९९३ साली ब्राझीलमधल्या रिओच्या विद्यापीठात जन्मलेली ही लहानशी भाषा. ५.४ आवृत्तीत राखीव शब्द २२, आणि माहिती मांडायला एकच रचना, टेबल. मराठी विकिपीडियाचे अनेक साचे तिच्यावरच चालतात. लुआत शून्य खरं असतं. ‘नाही’साठी वेगळा शब्द आहे, निल.

‘नाही’चा विचार जुनाच. वैशेषिक दर्शनाच्या तत्त्वज्ञांनी अभावाला सातवा पदार्थ मानलं. घडा होण्याआधीचा अभाव वेगळा, फुटल्यानंतरचा वेगळा. इथे मात्र लुआ तोकडी पडते. टेबलात निल ठेवलं की नोंदच जाते. कधी नव्हतंच आणि होतं पण पुसलं, दोन्हींना उत्तर एकच. मला हे पटत नाही. माणसाच्या बाबतीत तर मुळीच नाही.

जूनमध्ये आजी गेल्या. त्यांच्या नावापुढे मी निल लिहिलं नाही. शून्य ठेवलंय, आणि शेजारी तारीख.