शत्रुत्व कोण घडवते?

माणूस मुळातच भांडखोर आहे, हे मत आपण फारसा विचार न करता मान्य करून टाकतो. दंगल झाली, की 'हे असेच चालायचे' म्हणून सुस्कारा सोडणारे लोक प्रत्येक समाजात भेटतात. मत सोयीचे आहे. दोष स्वभावाचा ठरला, की कुणाला जाब विचारायचे कारण उरत नाही. मुझफ्फर शरीफ या तुर्की मानसशास्त्रज्ञाने आपले संशोधन आणि अध्यापन या सोयीच्या मताविरुद्ध उभे केले.

शरीफ यांचा जन्म 1906 साली इझमीरजवळच्या ओदेमिश या गावी झाला. 1919 मध्ये ग्रीक सैन्य इझमीरमध्ये उतरले, तेव्हा ते बारा वर्षांचे होते. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला एका सैनिकाने ठार केले. आता आपली पाळी, असे वाटत असताना तो सैनिक तसाच निघून गेला, ही आठवण त्यांनी स्वतः सांगितली आहे. माणूस माणसाला का मारतो, हा प्रश्न त्यांना पुस्तकात सापडला नव्हता.

हार्वर्ड आणि कोलंबिया विद्यापीठांत शिकताना त्यांनी एक साधा प्रयोग केला. पूर्ण अंधाऱ्या खोलीत प्रकाशाचा स्थिर ठिपकाही हलताना भासतो. तो किती हलला, हे एकेकट्याला विचारले, तर प्रत्येकाचे उत्तर वेगळे येई. तीच माणसे एकत्र बसवली, की उत्तरे हळूहळू एकमेकांजवळ येत. पुढे एकटे असतानाही माणूस समूहाचेच माप वापरी. जे हललेच नव्हते, त्याचे मापसुद्धा आपण चारचौघांकडून घेतो! मग 'ते लोक असेच असतात' हे आपले ठाम ज्ञान कुठून येते, याचा ज्याने त्याने विचार करावा.

तुर्कस्तानात परतल्यावर शरीफ शिकवू लागले आणि वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेविरुद्ध लिहू लागले. तिथे नाझी विचारांचे चाहते कमी नव्हते. 1944 साली त्यांना अटक झाली आणि काही आठवडे कोठडीत काढावे लागले. पुढच्या वर्षी ते अमेरिकेत गेले आणि तिथेच त्यांनी उरलेले आयुष्य घालवले.

त्यांचा सर्वात गाजलेला प्रयोग 1954 सालचा, ओक्लाहोमा राज्यातील 'रॉबर्स केव्ह' या ठिकाणचा. साधारण अकरा वर्षांची, एकमेकांना अनोळखी अशी बावीस मुले उन्हाळी शिबिरात आणून त्यांचे दोन गट केले. वंश एक, धर्म एक, घरची परिस्थितीही सारखीच. नंतर सामने लावले आणि जिंकणाऱ्या गटालाच बक्षीस ठेवले. थोड्याच दिवसांत झेंडे जाळले गेले, एकमेकांच्या खोल्यांवर धाडी पडल्या. मग मुलांना एकत्र जेवायला बसवले, तर त्यांनी एकमेकांवर अन्न फेकले. शेवटी छावणीचे पाणी बंद पाडण्यात आले, ट्रक बंद पडल्याचे नाटक झाले. दोन्ही गटांनी मिळून तो ट्रक ओढला, तोही रस्सीखेचीच्याच दोराने. अशा कामांतून वैर ओसरत गेले.

आपल्याकडे दंगलीनंतर सद्भावना सभा होतात, इफ्तारला आणि फराळाला एकमेकांना बोलावले जाते. ते वाईट नाही. पण नुसत्या पंगतीने मने जुळत नाहीत, हे त्या मुलांनी दाखवून दिले. दोघांची गरज एक असावी लागते आणि ती एकट्याने भागणारी नसावी लागते.

या कथेची दुसरी बाजू बरीच वर्षे झाकलेली होती. 1953 मध्ये न्यूयॉर्क राज्यात शरीफ यांनी असाच प्रयोग केला होता आणि तो फसला होता. जीना पेरी यांनी 2018 साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात त्याची हकीकत सविस्तर आली आहे. तिथे मुलांची आधी ओळख झाली होती, मग गट पाडले गेले. चाळकऱ्यांनी कपडे गायब केले, तंबू पाडला, तरी मुले एकमेकांवर आळ घ्यायला तयार होईनात. त्यांचा संशय उलट शिबिर चालवणाऱ्यांवर गेला, आणि तो खरा होता!

मुलांना कल्पना न देता त्यांच्यात वैर पेरण्याचा अधिकार संशोधकाला कुणी दिला? आजच्या नियमांत असा प्रयोग बसणार नाही, आणि ते योग्यच आहे. हेतू शांततेचा होता, म्हणून साधन निर्दोष ठरत नाही.

तरीही त्या फसलेल्या प्रयोगाचे मोल मला अधिक वाटते. भांडण लागण्याआधी झालेली ओळख भांडणाला अडवते. याची साक्ष आपल्या जवळच आहे. 1984 च्या दंगलीत भिवंडी होरपळली. पुढे पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या बांधल्या. दोन्ही समाजांची माणसे शांततेच्या काळातच नियमित भेटू लागली. 1992-93 मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली.

पण ओळख पुरेशी असते का? इझमीरमध्येही ग्रीक आणि तुर्क पिढ्यान् पिढ्या शेजारी होते. शेजारीच शेजाऱ्यावर उठल्याची उदाहरणे इतिहासात, आपल्या देशातही, कमी नाहीत. ओळखीच्या जोडीला आणखी एक गोष्ट लागते : हा तंटा कुणी लावला, असे विचारण्याची हिंमत. 1953 च्या मुलांना ती होती. वैर घडवले जाते, हे मान्य केले, की घडवणाऱ्याला जाब विचारता येतो. पण त्याच्या हातातले हत्यार होणाऱ्याचीही सुटका होत नाही. परिस्थितीनेच सारे ठरत असते, तर 1919 च्या त्या सैनिकाने शेजारच्या माणसाला मारून मुलाला सोडले नसते. त्याने का सोडले, याचे उत्तर कोणत्याही प्रयोगात नाही. तेवढी जागा प्रत्येकाच्या हाती उरते, आणि तिचा हिशेब ज्याचा त्यालाच द्यावा लागतो.