कोरा किनारा

दिवाळीचा फराळ करता करता अकोल्याच्या आमच्या घरी मार्चातल्या सहलीचा बेत चालला होता. "जिथे कुणीच गेले नाही अशा समुद्रावर जाऊ!" मुलगी म्हणाली. आई हसली, "मंग आपन तरी कायले जाचं?"

मी निरुत्तर झालो. कोरा किनारा हवा, म्हणजे इतरांनी जाऊ नये, आपण मात्र जावे, एवढेच ना?

शेवटी रत्नागिरी जिल्ह्यातले वेळास ठरले. तो किनारा कोरा नाही, राखलेला आहे. पूर्वी तिथली कासवांची अंडी चोरीस जात. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या साथीने गावकरी ती जपू लागले. पिल्ले उजेडाच्या ओढीने समुद्र गाठतात. पाहुण्याची विजेरी त्यांना वाट चुकवते.

तेव्हा कोरी वाळू मिळायची नाही. विजेरी विझवण्याचा संयम तेवढा घरूनच बांधून न्यायचा.