मृगयेचे ओझे

शिकार करावी की करू नये, हा वाद पुरातन आहे. परंतु तो बहुधा बंदुकीच्या बारापाशीच थांबतो. जनावर पडले की अनुकूल आणि प्रतिकूल अशा दोन्ही पक्षांचे बोलणे संपते; जणू त्यापुढे जे घडते ते नीतिविचाराचे नसून निव्वळ हमालीचे काम होय. आमचीही समजूत काही काळापूर्वीपर्यंत अशीच होती. परंतु अमेरिकेतील कोलोराडो प्रांतात एका लहानशा मोटारीतून, एल्क नावाच्या मोठ्या हरणाच्या मांसाला मांडी लावून, प्रवास करण्याचा योग आम्हांस आला, आणि तेव्हापासून या हमालीकडे आम्ही निराळ्या दृष्टीने पाहू लागलो.

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा प्रश्न व्यवहारापुरता मिटविला आहे. त्या देशी तो मिटलेला नाही. परवाना काढून ठरलेल्या मोसमात शिकार करणे हा तेथे पुष्कळ सामान्य कुटुंबांचा परिपाठ आहे. आमचे यजमान बरीच वर्षे तिकडे स्थायिक झालेले मराठी गृहस्थ. ते आणि त्यांचा एक अमेरिकन मित्र असे दोघे वॉल्डन गावाजवळच्या रानात निघाले, तेव्हा केवळ वनशोभा पाहावी म्हणून आम्हीही त्यांच्याबरोबर गेलो. आम्ही स्वतः शाकाहारी आहो, हे येथे सांगून टाकणे बरे. म्हणजे पुढील विवेचनातील आमचा कल वाचकांस आधीच ठाऊक राहील.

एल्क हा आपल्या सांबराच्या कुळातला, परंतु त्याहून थोराड प्राणी. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन सुमारे ३२० किलो भरते, आणि हाडे काढल्यावर खाण्याजोगे मांस ९० ते ११० किलो निघते. तो पडल्यानंतर खरी घाई सुरू होते. त्याचे दाट केसांचे कातडे अंगातील ऊब धरून ठेवते. म्हणून बाहेर हिम पडत असले तरी ते लवकर उतरविले नाही, तर मांड्यांच्या हाडालगतचे मांस आतून आंबू लागते. यजमानांनी चारही पाय सांध्यांतून सोडविले, पाठीची आणि मानेची पट्टी काढली, आणि सर्व काही विरळ सुती पिशव्यांत भरून सावलीला टांगले. प्लास्टिकमध्ये गरम मांस कोंडले तर ते नासते, असे ते म्हणाले. मागचा एकेक पाय हाडासकट २५ ते ३० किलोंचा. ते सर्व पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत आणण्यास दोघांना पाच खेपा पडल्या. बंदूक उडविण्यास किती वेळ लागला होता, हे आम्ही त्या वेळी मनात आठवीत होतो.

मोटार लहान. अशी मोटार माणसांसह साधारण ४०० किलो भार पेलते. त्यात आम्ही तिघे, तंबू, बिछाने, बंदुका, आणि आता हा चौथा प्रवासी. जुन्या छायाचित्रांत हरिण मोटारीच्या पुढील टपावर बांधून मिरवीत आणलेले दिसते. परंतु खाली इंजिनाची आच आणि वरून रस्त्याची धूळ, यांनी त्या मांसाचे काय होत असेल हे सांगावयास नको. ती मिरवणूक खाण्यासाठी नव्हती, दाखविण्यासाठी होती. यजमानांनी मागची अर्धी बैठक पाडून त्यावर ताडपत्री अंथरली, हाडे काढलेले मांस बर्फाच्या पेट्यांत रचले, आणि डोके व पाठीचा कणा मागे ठेवला. याला कारण एक रोग आहे. हरणांना झिजवून मारणारा हा मेंदूचा विकार १९६७ साली ह्याच प्रांतातील फोर्ट कॉलिन्स येथे प्रथम आढळला. तो माणसास जडल्याचे सिद्ध झालेले नाही, परंतु त्याचे बीज शिजविण्यानेही मरत नाही. म्हणून अशा जनावराचा मेंदू व कणा आपल्या हद्दीत आणण्यास अनेक प्रांतांनी मनाई केली आहे.

मग परतीचा प्रवास. कॅमेरॉन खिंड १०,००० फुटांहून उंच. बाहेर बर्फ भुरभुरत होते, आणि मोटारीतील उष्णतायंत्र बंद! मांस थंड राहावे म्हणून तीन जिवंत माणसे खिडक्या किंचित उघड्या ठेवून कुडकुडत बसली होती. मेलेल्या जनावराची इतकी सेवा आम्ही पूर्वी कधी पाहिली नव्हती.

ही सेवा पाहून हत्येचे परिमार्जन होते काय? आमच्या मते होत नाही. चोराने चोरीचा माल जपून नेला म्हणून तो साव ठरत नाही. मनुस्मृतीत मांसाच्या पापाचे आठ वाटेकरी सांगितले आहेत. त्यांत मारणारा आणि खाणारा तर आहेतच, पण अनुमती देणारा, कापणारा, विकणारा, विकत घेणारा, शिजविणारा आणि आणून वाढणारा, हेही आहेत. ही यादी आम्हांस नेहमी कठोर वाटे. त्या दिवशी ती केवळ यथार्थ वाटली. कारण तिच्यातील बहुतेक सर्व भूमिका त्या एका मोटारीत दोन माणसांनी वाटून घेतल्या होत्या. उलट, शीतगृहाच्या मालगाडीतून दूरवरच्या शहरांत जे मांस जाते, त्याच्या बाबतीत ह्या आठ जणांची एकमेकांशी गाठही पडत नाही, आणि प्रत्येकास वाटते की पाप उरलेल्या सातांचे. महाभारताच्या वनपर्वातील धर्मव्याध मांस विकी. पण आपण स्वतः मारीत नाही आणि खातही नाही, असे कौशिकास सांगे. त्या थोर पुरुषाविषयी पूर्ण आदर ठेवूनही, हे समर्थन आम्हांस कधीच पुरते पटलेले नाही.

परंतु आमचे मन ज्यात गुंतले ती गोष्ट निराळीच आहे. पहिला एल्क पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मित्रासमोर, सहज टप्प्यात, दुसरा नर उभा राहिला. त्याचा परवाना कोराच होता. त्याने बंदूक खांद्याला लावली, आणि खाली घेतली. “ठेवायचा कुठे?” एवढेच तो म्हणाला. एल्क झाडीत निघून गेला.

डिकीत जागा नाही म्हणून वाचलेल्या ह्या जिवाचे पुण्य कोणास लाभावे? करुणेचा येथे लेश नव्हता, हे तो मित्र स्वतःच हसत कबूल करी. तर मग हा निव्वळ योगायोग म्हणावा काय? आम्ही रात्रभर ह्याचा विचार केला. मनुष्याचे कित्येक सद्गुण अशाच अडचणीतून जन्मास येतात. पगार बेताचा म्हणून निर्व्यसनी राहिलेले गृहस्थ आपल्या सर्वांच्या माहितीचे आहेत, आणि त्यांस कोणी ढोंगी म्हणत नाही. शिवाय एक भेद आहे. जागा नाही हे बार सोडण्यापूर्वी आठवणे निराळे, आणि नंतर आठवणे निराळे. नंतर आठवणारे लोकही असतातच; त्यांच्यासाठीच अलास्कात असा नियम आहे की, मूस नावाच्या प्रचंड हरणाचे सर्व मांस रानाबाहेर काढल्याखेरीज त्याची शिंगे हलविता येत नाहीत. मोठ्या मूसचे मांस २२५ किलोंपर्यंत भरते. ज्याने ते एकदा पाठीवर वाहिले त्याला पुढच्या वेळी घोडा ओढण्यापूर्वी आपली पाठ आठवत असेल. बाहेरून लादलेली मर्यादा अशी हळूहळू आत उतरते. आणि एकदा ती उतरली की तिला करुणा म्हणावे की हिशेब, हे ठरविणे आम्हांस तरी कठीण वाटते.

मात्र ती उतरते असे प्रत्येक वेळी घडत नाही, हेही कबूल केले पाहिजे. फोर्ट कॉलिन्स येथे घरी पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. दोघेही थकले होते, म्हणून एक पिशवी आम्ही उचलली. ती आम्हांस वाटली होती त्याहून जड होती आणि तिच्या गारव्याने बोटे बधिर झाली. शीतपेटीपर्यंत जाता जाता त्या आठांपैकी आपण आता कितवे, हा प्रश्न मनात आला. मागून येणारे यजमान मित्राला सांगत होते की पुढच्या वर्षी मोटारीमागे एक लहानशी जोडगाडी लावावी, म्हणजे दोन एल्क सहज मावतील. मित्र काही बोलला नाही. तो ताडपत्री धुवीत होता.